गांव पाहणें आणि गांवीं जाणें



आजच्या भाषणाचा विषय अगदीं घरगुती आहे. परगांवीं वाढलेलीं आपलीं मुलें-नातवंडें मूळ गांवीं येतात, चार दिवस राहतात, नातलगांना भेटतात, देवदर्शन करतात, दोन-चार स्थळें पाहतात आणि परत जातात. हा प्रसंग सोलापुरांतील पुष्कळ घरांत वर्षांतून एकदां तरी येतोच. तो नीट पार कसा पाडावा, एवढेंच मला सांगावयाचें आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारें आयुष्य जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून मुलें शिकविण्यांत गेलें. तेव्हां माझें बोलणें विद्वानाचें नव्हे, यजमानाचें आहे, असें समजावें.

गेल्या जानेवारींत माझा एक पुतण्या, म्हणजे चुलतभावाचा मुलगा, पत्नी व दोन मुलें यांसह मुंबईहून प्रथमच आमच्याकडे आला. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीनें पहिल्याच संध्याकाळीं मला विचारलें, "आजोबा, बाबा म्हणतात, आपलें मूळ गांव इकडे आहे. पण इथें आमचें आहे तरी काय?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. पुढचे पांच दिवस आम्हीं जें जें केलें, तें त्या उत्तराच्या शोधांतच केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, सोलापूर हें येणाऱ्यांचें तसेंच जाणाऱ्यांचेंही गांव आहे. १८६० सालीं येथें आगगाडी आली, १८७७ सालीं पहिली कापडाची गिरणी निघाली, आणि चहूंकडून माणसें पोटासाठीं येथें येऊन राहिलीं. शहराच्या पूर्व भागांत तेलंगणांतून आलेलीं विणकरांचीं हजारों घरें आहेत. त्यांच्या घरांत तेलुगु, बाजारांत मराठी. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ निघतो तो सोलापुरांत, पण सोयरीक व आप्तेष्ट अजून पुष्कळांचे तेलंगणांत. माझे शेजारी तिकडे लग्नाला निघाले म्हणजे सोलापुरी चादरींचा गठ्ठा बरोबर नेतात आणि "गांवीं चाललों" असें सांगतात. त्यांचा जन्म येथला, त्यांच्या आजोबांचाही येथला. तरी गांव म्हणजे तें! एका शहरांत राहून कोणाचें गांव येथें, तर कोणाचें येथून दूर. दोघांची ओढ मात्र एकच.

आमचें घराणें सीनाकांठच्या एका खेड्यांतलें. वडील आणि धाकटे काका असे दोघे भाऊ. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांना अधिक सांगणें नलगे. विहिरी आटल्या, जनावरें कवडीमोलानें गेलीं, लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले, परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सरकारी सुकडी यांवर दिवस निघाले. त्या वर्षीं काका बायकामुलांना घेऊन मुंबईस गेले ते गेलेच. त्यांचा मुलगा माझ्याहून तीन वर्षांनीं लहान. आम्ही एकाच शाळेंत होतों. पुढें पन्नास वर्षें दोन्ही घरांत लग्नपत्रिकांपलीकडे व्यवहार उरला नाहीं. तो चुलतभाऊ वारला तेव्हां त्याच्या मुलानें मला पत्र लिहिलें कीं, "काका, बाबांचें गांव एकदां पाहावयाचें आहे." आतां अशा पाहुण्यांचें स्वागत कसें करावें?

पहिली गोष्ट म्हणजे ऋतु. मे महिन्याच्या सुटींत मुलांना सोलापूरच्या उन्हांत आणणें म्हणजे त्यांस गांवाचा धाक घालणें होय. मीं त्यांस संक्रांतीस बोलाविलें. त्या वेळीं थंडी असते, रानांत ज्वारी हुरड्यास आलेली असते, आणि श्रीसिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, भरलेला असतो. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकांतील शिवयोगी. त्यांनीं येथें तलाव खोदविला, नगराभोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं आणि कानडींत वचनें रचिलीं. एका कुंभारकन्येनें त्यांना वरण्याचा हट्ट धरिला. तेव्हां आपल्या योगदंडाशीं विवाह करण्याची अनुज्ञा त्यांनीं तिला दिली, अशी कथा आहे. यात्रा म्हणजे याच विवाहाचा सोहळा. प्रथम दिवशीं सात नंदीध्वज मिरवीत नेऊन अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. भोगीच्या दिवशीं संमति कट्ट्यावर अक्षता पडतात. संक्रांतीस होम, आणि किंक्रांतीस शोभेचें दारूकाम. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी तो उंच, जड नंदीध्वज कमरेच्या बळावर तोलून चालतात, तें दृश्य मुलें विसरत नाहींत.

येथें एक अनुभव सांगतों. पाहुण्यांना गर्दींत नुसतें उभें करून "बघा" म्हटलें तर ते बघतात, आणि थकतात. त्यांच्या हातीं कांहीं काम द्यावें. त्या मुलीच्या मुठींत मीं अक्षता दिल्या. हजारों हात एकदम उंचावले त्यांत तिचाही एक होता. त्या क्षणापासून ती प्रेक्षक राहिली नाहीं. गांव पाहणें आणि गांवीं जाणें यांत जो भेद आहे, तो हाच.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधीं माणसें, मग कुलदैवत, मग प्रेक्षणीय स्थळें. पुष्कळ घरीं हा क्रम उलटा होतो. मोटार भाड्यानें घेऊन एका दिवसांत पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर उरकतात, आणि म्हाताऱ्या आत्याकडे जावयास निघतांना रात्र झालेली असते. स्थळें शेंकडों वर्षें उभीं आहेत, तीं पुढच्या वर्षींही असतील. आत्या नव्वदीच्या घरांत आहे. आम्ही पहिल्या सकाळीं तिच्याकडेच गेलों. तिला आतां दिसत नाहीं. तिनें पुतण्याच्या तोंडावरून हात फिरविला आणि नांव न विचारतां म्हणाली, "हा धाकट्याचा. कपाळ त्याचेंच आहे." कडक भाकरी, शेंगांची चटणी व दही यांवर दुपार झाली. ती सांगत होती आणि पुतण्याची पत्नी वहींत लिहून घेत होती: कोण कोणाला दिली, कोणाचें पोर कोठें गेलें, आडाचें पाणी कोणीं प्रथम काढलें. अशी वही प्रत्येक पाहुण्यानें बरोबर आणावी. छायाचित्रांत चेहरा येतो, नातें येत नाहीं.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. वडीलधारीं माणसें नसलीं तरी गांवाला आठवण असते, ती कागदांत. सातबारा म्हणजे गांव नमुना सात आणि बारा यांचा जोड उतारा; त्यावर जमीन कोणाची, पीक काय, हें कळतें. परंतु वंशाचा शोध घेणाऱ्यास त्याहून फेरफाराची नोंद उपयोगी. कोण वारला, वारस कोण लागले, हिस्से कसे झाले, तें तींत असतें. नाशिक-त्र्यंबकेश्वरीं जाणें झाल्यास तीर्थोपाध्यायांकडे चौकशी करावी. आडनांव व गांव सांगितलें कीं ते आपल्या वह्यांतून, पूर्वीं यात्रेस आलेल्या आपल्या वाडवडिलांचीं नांवें पुष्कळदां काढून दाखवितात. जुने कागद मोडींत असतात; मोडी वाचणारा जाणकार आधीं गांठून ठेवावा.

आणि चौथा कागद, जो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, तो म्हणजे शाळेचें दाखलखारीज रजिस्टर. मी मास्तर असल्यानें मला तें प्रथम आठवलें. आमच्या गांवच्या शाळेंत हल्लींच्या गुरुजींनीं कपाटांतून १९७२ चें रजिस्टर काढून दिलें. पुतण्यानें बोट फिरवीत वडिलांचें नांव शोधिलें. जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता पांचवी, वर्तणूक चांगली. आणि शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यांत दोन शब्द: "गांव सोडला". तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. शाळा सोडल्याचे असे शेंकडों शेरे मीं स्वतः माझ्या हातानें लिहिले आहेत. पण त्या शब्दांना इतकें वजन असतें, हें मला त्या दिवशीं कळलें.

आतां जें सांगतों, तें सांगूं नये असें घरच्यांचें मत होतें. फेरफार काढला तेव्हां त्यांत आणखी एक नोंद निघाली. १९७३ सालीं काकांनीं आपला हिस्सा हक्कसोडपत्रानें माझ्या वडिलांस दिला होता. मोबदला म्हणून कांहीं नाहीं. घरांत आम्ही नेहमीं ऐकत आलों कीं, काकांनीं आपण होऊन जमीन सोडली. परंतु आत्या त्या वेळीं तेथेंच होती. तिनें सांगितलें कीं, गाडीभाडें आणि मुंबईंत खोलीची अनामत भरावयास काकांजवळ पैसा नव्हता; तो वडिलांनीं दिला, आणि वर्षानें सही घेतली. वडील दुष्ट नव्हते. त्यांच्याही घरांत खाणारीं सात तोंडें होतीं. पण उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि पुढें आमच्या त्या कोरड्या रानांत ऊंस उभा राहिला, तेव्हां तरी भावाची आठवण व्हावयास हवी होती. ती वडिलांना झाली नाहीं, आणि त्यांच्या मागें मलाही झाली नाहीं.

मीं पुतण्याला त्याच रानांत, बांधावर उभें करून हें सर्व सांगितलें. हुरड्याची आगटी पेटली होती, मुलें कणसें चोळून खात होतीं. त्याच्या वडिलांच्या हिश्शाविषयीं माझ्या मुलांशीं बोलून मी लेखी कळवीन, असेंही म्हणालों. तो एवढेंच म्हणाला, "काका, बाबांना हें ठाऊक होतें. म्हणूनच ते आले नाहींत." त्यापुढें आम्ही दोघेही बोललों नाहीं. म्हणून माझी श्रोत्यांस विनंती आहे कीं, मूळ गांवचे कागद उघडतांना मनाची तयारी ठेवावी. त्यांत केवळ वाडवडिलांचीं नांवें नसतात, त्यांचे व्यवहारही असतात. आणि यजमानानें तर ते पाहुण्याच्या आधीं स्वतः वाचलेले असावेत.

यानंतर आम्ही बाहेर पडलों. सोलापुरापासून सुमारें पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूर. तेथें आईची ओटी भरली. परततांना नळदुर्गाच्या किल्ल्यांत गेलों. बोरी नदी बांधानें अडवून त्या बांधाच्या पोटांतच पाणीमहाल बांधलेला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळीं, १६१३ सालीं, हें काम झालें. पावसाळ्यांत सांडव्यावरून पडणाऱ्या दोन धबधब्यांस नर-मादी म्हणतात. जानेवारींत मात्र पाण्याची कल्पनाच करावी लागते. दुसरे दिवशीं भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल. जी सीना आमच्या गांवावरून वाहते, ती येथें भीमेस मिळते. मुलांना हें नकाशावर आधीं दाखवावें. तेथील संगमेश्वर मंदिरांत शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आपली भाषा या नदीकांठीं हजार वर्षांपूर्वीं दगडावर कोरली गेली, हें कळल्यावर त्या मुलीनें त्या अक्षरांवरून हलकेंच बोट फिरविलें.

शहरांत दोन स्थळें चुकवूं नयेत. एक, १९३१ च्या १२ जानेवारीस येरवड्यास फांशीं गेलेले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन, यांचे पुतळे. हीं चार नांवें एका दमांत उच्चारलीं कीं सोलापूर म्हणजे काय, तें निराळें सांगावें लागत नाहीं. दुसरें, डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचें स्मारक. १९१० सालीं ते या शहरांत जन्मले, १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथेंच त्यांनीं संसार केला आणि १९४२ सालीं तेथेंच देह ठेविला. त्यांची पत्नी चिनी होती. पतीच्या मागें ती हिंदुस्थानांत येऊन सासरच्या माणसांना भेटून गेली. भाषा निराळी, देश निराळा, मधें युद्धें आणि समुद्र. तरी ती आली. मग मुंबईहून सोलापुरास येण्यास आपणांस पन्नास वर्षें कां लागावीं?

निघण्याच्या रात्रीं मीं त्या मुलीस विचारलें, "मग, इथें तुमचें काय आहे, कळलें का?" ती विचार करून म्हणाली, "बाबांच्या बाबांचें घर नाहीं, शेतही नाहीं. पण शाळेंत आमच्या आजोबांचें नांव आहे. आणि ती आंधळी आजी आहे." मला वाटतें, हिशेब बरोबर आहे, फक्त त्यांत शेताचा रकाना अजून मोकळा आहे, आणि तो भरण्याचें काम माझें आहे. माझ्या दोन मुलांपैकीं एकानें होकार दिला आहे, दुसऱ्याचा यावयाचा आहे.

स्टेशनावर गाडी हलली तेव्हां पुतण्यानें वांकून नमस्कार केला. आपल्याकडे निघतांना "जातों" म्हणत नाहींत, "येतों" म्हणतात. मुंबईंत वाढलेल्या त्या मुलास ही रीत ठाऊक असेल कीं नाहीं, याची मला शंका होती. तो "येतों, काका" असें म्हणाला.