रोह्याच्या रुळांवरचे लांब नाम

पेण हे नाव लिहिताना दोन अक्षरे लागतात. परंतु शेवटच्या 'ण'मधील अकार मराठी उच्चारात लोपत असल्याने ते तोंडातून एकाच झटक्यात निघते, तर रोहा लिहिण्यातही दोन आणि बोलण्यातही दोनच राहते. एका स्वराच्या आधाराने एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या अशा तुकड्याला येथे अवयव म्हटले आहे. लिपीतले अक्षर आणि कानाला जाणवणारा अवयव यांतला हा फरक लांबलचक इंग्रजी नाम देवनागरीत उतरले की अधिकच वाढतो.

मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपून तेथूनच कोकण रेल्वे सुरू होते, आणि रोहा ते ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचे 'इलेक्ट्रिफिकेशन' २० जून २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. या नामाची लिखित अक्षरे सात आहेत : इ, ले, क्ट्रि, फि, के, श, न. हनुवटीखाली हात धरून ते सावकाश उच्चारले, तर अवयव मात्र सहाच हाती लागतात : इ-लेक्-ट्रि-फि-के-शन. 'क्ट्रि' या जोडाक्षरातला क् लिपीने पुढच्या इकाराशी बांधला असला, तरी बोलताना तो मागच्या 'ले'ला जाऊन मिळतो, आणि शेवटचे 'श' व 'न' पेणप्रमाणेच एकवटतात. आघात 'के'वर पडतो, कारण 'शन' या प्रत्ययाच्या लगेच आधीचा अवयव इंग्रजीत जोर घेतो. मूळ 'इलेक्ट्रिक'मध्ये तो 'लेक्'वर होता.

अर्थाच्या दृष्टीने हाच शब्द फोडला, तर सांधे वेगळ्याच जागी निघतात. रूपिका म्हणजे शब्दाचा अर्थ असलेला लहानात लहान घटक. त्या हिशेबाने येथे आधी 'इलेक्ट्र' येते. घासल्यावर काडीकचरा ओढून घेणाऱ्या तृणमण्याच्या ग्रीक नावापासून ते आलेले आहे. पाठोपाठ लॅटिन 'करणे' या धातूच्या कुळातला 'इफिक्' येतो, आणि अखेरीस क्रियेचे नाम घडवणारा 'एशन'. 'इफिक्'चा क् अर्थाने मागच्या घटकाचा, पण उच्चारात मात्र 'के'मध्ये शिरलेला असतो. 'इलेक्ट्रिफाय' या क्रियापदात न ऐकू येणारा हा क् नामात का उमटतो, हे त्यावरूनच उलगडते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. अशा शब्दाचे स्पेलिंग एकेक अक्षर घोकून घेण्यापेक्षा आधी कानाने अवयव मोजावेत आणि मग रूपिकांचे सांधे दाखवावेत, हेच मराठी मुलांना अधिक न्याय देणारे आहे. कारण 'विद्युतीकरण'मध्ये नामाला जोडलेला ईकार आणि त्यापुढचे 'करण' त्यांच्या ओळखीचेच असते.