उत्तरपत्रिकेचा पहिला वाचक

एका स्पेलिंगच्या चुकीपासून सुरुवात करते. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी पीएच.डी. करत होते आणि खर्च भागवण्यासाठी टीचिंग असिस्टंटचे, म्हणजे तिथे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'टीए'चे, काम करत होते. एम.एस.च्या पहिल्या सत्रातल्या चाळीस जणांचे प्रोग्रॅम दर आठवड्याला माझ्याकडे तपासायला येत. एकदा त्यांतल्या दोन प्रोग्रॅममध्ये 'रिसीव्ह' या शब्दाचे स्पेलिंग एकाच जागी, एकाच तऱ्हेने चुकलेले दिसले. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचले. व्हेरिएबलची नावे बदलली होती, काही ओळी वरखाली केल्या होत्या, पण सांगाडा एकच होता. दोघांपैकी एक मुलगा सांगलीकडचा. शंकांच्या तासाला नेमाने यायचा आणि आसपास दुसरे कोणी नसले की मला 'ताई' म्हणायचा.

मी पुढे काय केले ते नंतर सांगते. विद्यापीठातल्या नकलेची चर्चा होते तेव्हा विद्यार्थ्यांची नीती, प्राध्यापकांची हयगय आणि प्रशासनाचे नियम यांवर बोलले जाते. पण नक्कल ज्याला सर्वांत आधी दिसते, त्या माणसाकडे कोणाचे लक्ष जात नाही. सचोटीची ही सगळी व्यवस्था त्याच्या नजरेवर उभी आहे आणि ती नजर वापरण्यात त्याचा स्वतःचा काडीचाही फायदा नाही. हा पेच समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

अर्धा शिक्षक, अर्धा विद्यार्थी

आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत हे पद नाही, म्हणून थोडे स्पष्टीकरण. अमेरिकी विद्यापीठात दोन-तीनशे विद्यार्थ्यांचा वर्ग असला, की प्राध्यापक आठवड्याला दोन-तीन व्याख्याने देतात. छोट्या गटांचे तास घेणे, शंका सोडवणे, गृहपाठ आणि उत्तरपत्रिका तपासणे ही कामे टीए करतात. ते बहुधा त्याच विभागात पुढचे शिक्षण घेत असतात. मोबदल्यात फी माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. करार साधारणपणे आठवड्याला २० तासांचा असतो. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना याहून अधिक काम करायला व्हिसाचे नियमही परवानगी देत नाहीत.

हा माणूस नेमका कोण, याबद्दल तिथल्या कायद्याचेही मत बदलत आले आहे. खासगी विद्यापीठांतले टीए हे मुळात विद्यार्थी आहेत, कामगार नव्हेत, असे राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २००४ साली ब्राउन विद्यापीठाच्या प्रकरणात ठरवले. २०१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात त्याच मंडळाने तो निर्णय फिरवला आणि त्यांना कामगार मानले. हा तांत्रिक वाद वाटेल, पण नकलेच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. टीए कामगार असेल, तर नक्कल शोधणे हे त्याच्या कामाचे तास धरून करायचे काम आहे. तो विद्यार्थी असेल, तर आपण त्याला त्याच्याच बिरादरीवर पहारा द्यायला सांगत आहोत.

हार्वर्ड, २०१२

या पेचाचे सर्वांत गाजलेले उदाहरण हार्वर्डचे आहे. तिथे टीएंना 'टीचिंग फेलो' म्हणतात. २०१२ च्या वसंत सत्रात अमेरिकी काँग्रेसची ओळख करून देणारा एक अभ्यासक्रम होता आणि त्याला २७९ विद्यार्थी बसले होते. अंतिम परीक्षा घरी नेऊन सोडवायची होती. पुस्तके, टिपणे, इंटरनेट सगळे खुले, मात्र परीक्षेबद्दल दुसऱ्या कोणाशी चर्चा करायची नाही, अशी सूचना होती.

मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासताना एका टीचिंग फेलोच्या लक्षात आले, की काही उत्तरांत वाक्येच्या वाक्ये जुळत आहेत. एका ठिकाणी तर २२,५०० हा आकडा लिहिताना स्वल्पविरामानंतर सुटलेली मोकळी जागासुद्धा दोन उत्तरपत्रिकांत सारखीच होती. प्राध्यापकांनी ते विद्यापीठाला कळवले, सगळ्या उत्तरपत्रिका नव्याने तपासल्या गेल्या आणि सुमारे १२५ विद्यार्थी चौकशीच्या फेऱ्यात आले. ऑगस्टच्या अखेरीस ही बातमी जगभर गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये विद्यापीठाने निकाल जाहीर केला. निम्म्याहून थोड्या अधिक प्रकरणांत विद्यार्थ्यांना काही काळासाठी विद्यापीठ सोडावे लागले. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ताकीदवजा शिक्षा झाली आणि बाकीच्यांवर काहीच कारवाई झाली नाही.

इथवरची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण चौकशीत अडकलेल्या काही विद्यार्थ्यांचे म्हणणे असे होते, की प्रश्न संदिग्ध असल्यामुळे ते स्वतः टीचिंग फेलोंकडेच गेले होते. कोणी नुसती दिशा दाखवली, कोणी बरेच काही उलगडून सांगितले, आणि एकाच फेलोकडून समजावून घेतलेल्यांची उत्तरे सारखी आली. हा बचाव सर्वांना लागू पडला नाही. तरी त्यातून एक गोष्ट उघड झाली. ज्या वर्गातल्या टीएने नक्कल पकडली, त्याच वर्गातल्या टीएंनी दिलेल्या मदतीकडे बोट दाखवले जात होते. मदत कुठे संपते आणि उत्तर सांगणे कुठे सुरू होते, ही रेघ कोणी आखून दिलेलीच नव्हती. प्रत्येकाने ती आपापल्या समजुतीने आखली.

या प्रकरणानंतर हार्वर्डच्या प्राध्यापकांनी २०१४ साली सचोटीची संहिता मंजूर केली आणि २०१५ पासून ती अमलात आली.

सारखेपणा म्हणजे चोरी नव्हे

टीएंच्या हाती आता यंत्रे आहेत. संगणकाच्या वर्गांत सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे 'मॉस'. अॅलेक्स एकेन यांनी ते १९९४ साली तयार केले. त्याची पद्धत हुशारीची आहे. प्रोग्रॅममधल्या मोकळ्या जागा आणि नावे बाजूला काढायची, उरलेल्या मजकुराचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचे एका संख्येत रूपांतर करायचे आणि त्यांतल्या निवडक संख्या त्या प्रोग्रॅमचे बोटांचे ठसे म्हणून जपायच्या. मग वर्गातल्या प्रत्येक जोडीचे ठसे ताडून पाहायचे. नावे बदलून किंवा ओळी हलवून हे ठसे फारसे पुसले जात नाहीत.

पण मॉस फक्त जुळणी दाखवते. दोघांनी एकमेकांचे पाहिले, दोघांनी एकाच पुस्तकातून घेतले, की दोघांना एकाच टीएने एकच युक्ती शिकवली, हे त्याला कळत नाही. तो निवाडा माणसाला करावा लागतो.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि एवढा आधारही डळमळीत झाला. यंत्राने लिहिलेला निबंध दुसऱ्या कोणाच्या निबंधाशी जुळत नाही, त्यामुळे ताडून पाहायला दुसरी प्रतच नसते. असा मजकूर ओळखल्याचा दावा करणारी साधने आली, पण त्यांच्या भरवशावर कोणावर आरोप करणे धोक्याचे आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली टोफेल परीक्षेतले ९१ निबंध अशा सात साधनांना दिले. हे निबंध इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले होते. तरी त्यांतले सरासरी निम्म्याहून अधिक 'यंत्राने लिहिलेले' ठरले. मोजक्या शब्दांत, साध्या वाक्यरचनेत लिहिणारा माणूस या साधनांना यंत्र वाटतो. म्हणजे संशयाची पहिली झळ आपल्यासारख्यांनाच. त्याच वर्षी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिनची ही सोय बंद केली. त्यांचा हिशेब सोपा होता. आदल्या वर्षी त्यांच्याकडून तपासणीसाठी ७५,००० निबंध गेले होते. चूक फक्त १ टक्का धरली, तरी सुमारे ७५० निबंधांवर खोटा आळ आला असता.

गप्प बसण्याचा हिशेब

नक्कल नवी नाही. विल्यम बॉवर्स यांनी १९६० च्या दशकात ९९ अमेरिकी महाविद्यालयांतल्या ५,००० हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हाही निदान निम्म्यांनी काही ना काही लबाडी केल्याचे मान्य केले होते. पुढे रटगर्स विद्यापीठाच्या डोनाल्ड मॅकेब यांनी हा अभ्यास दोन दशकांहून अधिक काळ चालवला. त्यांनी शिक्षकांनाही प्रश्न विचारले, आणि संशय येऊनही कधी ना कधी कानाडोळा केल्याचे बऱ्याच शिक्षकांनी कबूल केले. कायमची नोकरी असलेल्या प्राध्यापकाची ही गत, तर वर्षावर्षाच्या नेमणुकीवर काम करणाऱ्या टीएचे काय?

त्याचा हिशेब असा. चाळीस उत्तरपत्रिका, प्रत्येकी वीस मिनिटे, म्हणजे तेरा तासांहून अधिक. करारातले निम्म्याहून जास्त तास इथेच गेले. नक्कल कळवायची, तर दोन्ही प्रती खुणा करून जोडायच्या, टिपण लिहायचे, सुनावणीला जायचे. हे तास कोणी मोजत नाही. सत्राच्या शेवटी तेच विद्यार्थी त्याच्या शिकवण्याबद्दल अभिप्राय भरणार. आणि प्राध्यापकांनीच 'जाऊ दे' म्हटले तर?

टीएंच्या खोल्यांत या विषयावर मी वर्षानुवर्षे वाद ऐकले. कोणी म्हणे, आपण शिकवायला आलो, चौकीदारी करायला नाही. कोणी म्हणे, रात्रभर जागून स्वतःच्या बळावर सत्तर गुण मिळवणाऱ्या मुलीशी ही बेइमानी आहे, कारण तिच्या बाजूने बोलणारे आपल्याशिवाय कोणी नाही. तिसऱ्याचे म्हणणे, दरवर्षी तोच प्रश्न देणाऱ्या प्राध्यापकाचाही यात वाटा आहे. मला तिघांचेही पटे, आणि म्हणूनच निर्णय अवघड होई.

त्या स्पेलिंगच्या चुकीपाशी मी आठवडाभर थांबले. परदेशी विद्यार्थी निलंबित झाला की त्याचा व्हिसाचा दर्जा जातो आणि देश सोडावा लागतो. मागे घरच्यांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज राहते. हे मला माहीत होते, कारण मीही त्याच व्हिसावर होते. शेवटी दोन्ही प्रती प्राध्यापकांपुढे ठेवल्या. त्यांनी दोघांना बोलावले, त्या गृहपाठाला शून्य दिले, आणि विषय तिथेच संपवला. पुढच्या सत्रात दुसऱ्या प्राध्यापकांच्या हाताखाली तसेच प्रकरण आले. यातल्या कोणाला मी ओळखत नव्हते. मी त्याच दिवशी कळवले. त्यांनी नियमाप्रमाणे ते समितीकडे पाठवले आणि दोघांपैकी एका मुलीला एका सत्रासाठी काढून टाकण्यात आले. ती परत आली नाही.

पुरावा दोन्ही वेळी सारखाच होता. एकदा मी आठवडा घेतला, एकदा एक दिवसही घेतला नाही. नियम मोडला म्हणून कळवल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण शिक्षा किती, हे कोणाच्या खोलीत कागद पडला यावर आणि कोण मला 'ताई' म्हणत होते यावर ठरले, हे मी आजही विसरू शकलेले नाही.

यावर उपाय शोधणारे वर्ग आहेत. हार्वर्डच्या 'सीएस ५०' या संगणकाच्या अभ्यासक्रमाने २०१४ पासून पश्चात्तापाचे एक कलम ठेवले आहे. गैरप्रकार केल्यापासून ७२ तासांच्या आत विद्यार्थ्याने स्वतः येऊन चूक सांगितली, तर त्या गृहपाठाचे गुण जाऊ शकतात, पण प्रकरण शिस्तीच्या कारवाईसाठी पुढे जात नाही. म्हणजे बोलण्याची पहिली संधी विद्यार्थ्याला मिळते, आणि टीएचे ओझेही तेवढे हलके होते. कोणती मदत चालेल आणि कोणती नाही, याची उदाहरणांसह यादीही तिथे सत्राच्या सुरुवातीलाच दिली जाते. हार्वर्डच्याच २०१२ च्या त्या वर्गात नेमके हेच नव्हते.

आपल्यापुढचा प्रश्न

आपल्याकडे 'कॉपी' हा शब्द परीक्षेच्या दालनाशी जोडलेला आहे. बाकावर चिठ्ठी, दारात भरारी पथक. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. उत्तरपत्रिका तपासणारा विद्यार्थ्याला ओळखत नाही, त्याच्यापुढे फक्त आसनक्रमांक असतो. या अनोळखीपणाचे तोटे आहेत, पण माझ्यासारखा पेच त्यात पडत नाही.

हे चित्र आता बदलते आहे. आयआयटीत गेट देऊन एम.टेक.ला आलेला विद्यार्थी विद्यावेतनाच्या बदल्यात आठवड्याला आठ तास टीए म्हणून काम करतोच. इतरत्रही नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प आणि गृहपाठ यांचे वजन वाढत आहे. म्हणजे जो शिकवतो तोच तपासणार, आणि जो तपासणार त्याला समोरचा मुलगा नावागावासकट माहीत असणार. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या प्राध्यापकांची अवस्था तर टीएहून फारशी वेगळी नाही. काम पूर्ण, अधिकार अर्धा, पुढच्या वर्षीची खात्री नाही. भरारी पथक त्यांच्या मदतीला येणार नाही, कारण गृहपाठ घरी लिहिला जातो.

अशा माणसाकडून सचोटीची राखण व्हावी असे वाटत असेल, तर त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतील. मदत आणि नक्कल यांतली रेघ सत्राच्या पहिल्याच दिवशी लेखी हवी. कळवण्याच्या कामाचे तास मोजले जायला हवेत. आणि पुढचा निर्णय एकट्या माणसाच्या मर्जीवर न राहता सर्वांसाठी एकाच ठिकाणी व्हायला हवा. यातले काहीच न देता त्याच्या हाती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला, तर एखादा डोळे मिटून घेईल, एखादा आपल्या माणसासाठी आठवडाभर थांबेल आणि परक्याला एक दिवसही देणार नाही. मी ही दोन्ही माणसे पाहिली आहेत. त्यांतली दुसरी मीच होते.