डोंगराआड गेलेलं विमान

धाडहून बुलढाण्याला आणि पुढे राजूर घाट उतरून मलकापूरला जाणारी एस.टी. वळणाआड गेली, तरी ती रस्त्यावरच असणार हे आपल्याला ठाऊक असतं. मायक्रोलाइट विमानाला मात्र रस्ताच नाही! विजयपत सिंघानियांनी १९८८ मध्ये असलंच चिमुकलं विमान लंडनहून भारतात आणलं होतं. असं विमान डोंगरात अचानक उतरलं, तर त्याला शोधायचं कुठे?

मोबाइल आणि रेडिओचा संदेश डोंगर अडवतो. म्हणून विमानाचा माग सांगणारं यंत्र वर, उपग्रहाशी बोलणारं हवं. पण ते किती वेळाने बोलतं? जरा हिशेब करा. ताशी ९० किलोमीटर वेगाने विमान मिनिटाला दीड किलोमीटर जातं. त्याचं ठिकाण दर १० मिनिटांनी कळत असेल, तर शेवटच्या ठिकाणापासून १५ किलोमीटरपर्यंत ते कुठेही असू शकतं. म्हणजे सुमारे ७०० चौरस किलोमीटर मुलूख धुंडाळायचा! दर २ मिनिटांनी कळलं तर? जेमतेम २८. बॅटरी लवकर संपते खरी, पण मी तरी दोन मिनिटंच निवडीन.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. ते खरेदीआधीच पाहायचं. जोडीला ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक बीकन हवा. त्याची हाक उपग्रहामार्फत इस्रोच्या बेंगळुरू केंद्रात पोचते. त्याची नोंदणी आधीच करायची, नाहीतर हाक नेमकी कुणाची हे कसं कळणार? आणि तो सामानात कोंबायचा नाही, वैमानिकाच्या अंगावरच बांधायचा.