बंदिवान आणि मताधिकार

आपल्या मलकपेठेच्या शेजारीच चंचलगुड्याचे कारागृह आहे. निवडणुकीच्या दिवशी बाहेर मतदारांच्या रांगा लागतात. आतील बंदिवानांस मात्र मत देता येत नाही. असे का?

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे ६२ वे कलम कैद्यास मतदानाची मनाई करते. अपवाद केवळ प्रतिबंधक स्थानबद्धांचा. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. बंदोबस्ताची अडचण आणि निवडणुकीपासून गुन्हेगारी दूर ठेवण्याची निकड, ही त्यामागील कारणे होत.

तथापि एक विसंगती विचारार्ह आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला मनुष्य जामिनावर सुटला असल्यास मत देऊ शकतो. उलट, ज्याचा अपराध अद्याप सिद्धच झालेला नाही असा गरीब कच्चा कैदी जामिनाअभावी मताला मुकतो. म्हणजे निर्णय करतो तो अपराध नव्हे, तर तुरुंगाचा दरवाजा! दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ साली कैद्यांचाही मताधिकार मान्य केला.

शिक्षेने स्वातंत्र्य जाते. त्याबरोबर नागरिकत्वाची खूणही जावी काय? निदान ज्यांचा न्याय अजून व्हावयाचा आहे, त्यांचे मत तरी राखले जावे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थिमित्रांनो, अठराव्या वर्षी मतदानास जाल, तेव्हा या प्रश्नाचा स्वतः विचार करा.