खलनायकाला मारण्याचा अधिकार कोणाचा?

गेल्या वर्षावासात मोताळा तालुक्यातील रोहिणखेडच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला बसण्याचा योग आला. त्या दिवशी अंगुलीमालाचे प्रकरण होते. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा तो दरोडेखोर तथागतांना सामोरा जातो आणि भिक्खू होतो. वाचन संपले, साधुकार झाला आणि मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "वकीलसायेब, राजानं त्याले आंधीच मारून टाकलं असतं तं लोकाईचा जीव वाचला असता का नाही?"

न्यायालयात उत्तर सुचले नाही तर तारीख मागता येते. विहारात ती सोय नाही.

आजीचा प्रश्न पोथीतला नव्हता. शेजारच्या गावात तिच्या पुतण्याचा खून झाला, त्या खटल्यात मी फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य केले होते. साक्षीदार फुटले, आरोपी सुटले. त्यातला एक जण आजही आजीच्या दारावरून बाजाराला जातो. अशा बाईला अहिंसेवर प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही.

आपल्या चळवळीने हा प्रश्न याआधीही पाहिला आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टरूममध्ये, अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगरच्या महिलांच्या जमावाने ठार मारले. मिरचीपूड आणि घरातली हत्यारे वापरली गेली. खून, बलात्कार, खंडणी यांनी त्याने ती गोरगरिबांची, बहुसंख्य दलितांची वस्ती वर्षानुवर्षे नासवली होती. महिला ठाण्यात जात, तक्रार घेतली जात नसे, आणि कोण तक्रार करून गेली हे त्याच्या कानावर पोहोचत असे. काही महिलांना अटक झाली तेव्हा सगळी वस्ती म्हणाली, आम्हा सर्वांनाच अटक करा. नागपुरातल्या वकिलांनीही या महिलांना आरोपी न मानता पीडित मानावे, अशी भूमिका घेतली होती. पुढे खटला चालला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. त्यावर २०२१ मध्ये '२०० हल्ला हो' हा चित्रपट आला.

त्या दिवशी मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आजही त्या महिलांना दोष देणे माझ्या जिभेवर येत नाही. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. बुद्धाची अहिंसा हा आंधळा नियम नसून ते जगण्याचे तत्त्व आहे, अशी त्यांची मांडणी आहे. कायदाही फार वेगळे सांगत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम १०० आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३८ बलात्काराच्या हेतूने हल्ला करणाऱ्याचा जीव घेण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क देते. अट इतकीच की धोका त्या क्षणी समोर हवा. कोर्टात पोलिसांच्या ताब्यात असलेल्या माणसाला हे कलम लागू होत नाही. पण उद्या जामिनावर सुटून तो पुन्हा आपल्याच गल्लीत येणार, हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिच्यासाठी धोका कधी संपतो? याचे उत्तर कलमात नाही. ते ठाण्याने द्यायला हवे होते.

इथपर्यंत मी आजीच्या बाजूने आहे. पुढे मात्र पाय अडखळतो.

सिनेमातला खलनायक पहिल्या रिळापासून ओळखू येतो. त्याचे पाप आपण डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून शेवटी तो मेला की टाळ्या वाजतात. खऱ्या जगात ते पाप कुणी पाहिले, कुणी सांगितले आणि खलनायक हे नाव कुणी ठेवले? रोहिणखेडच्याच शिवारात १५९० मध्ये लढाई झाली, जमालखान मारला गेला आणि अहमदनगरच्या गादीवर बुऱ्हाण निजामशहा बसला. जमालखान खल होता की नाही, हे त्याच्या महदवी अनुयायांना विचारले असते तर उत्तर निराळे आले असते. आपल्याला तर हे शिकवायलाच नको. ज्याला पुराणांनी पाताळात गाडले तो बळी आपला राजा होता, हे महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त सांगितले. शंबूकाचा वध करणाऱ्याची तर पूजा होते. या देशात खलनायकांची यादी करण्याचे काम हजारो वर्षे ज्यांच्या हाती होते, त्यांच्या यादीत आपलीच नावे होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना संपवणारा जमावसुद्धा स्वतःला खलनायक समजत नव्हता. आधी त्या मायलेकींच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले, मग हात उगारले गेले.

आता अलीकडचे पाहा. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या गुन्ह्यातला आरोपी अक्षय शिंदे २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले. आपल्या वस्त्यांतही काहींनी ते खाल्ले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले. मुंबईतल्या ९९ चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चकमकींच्या तपासाचे नियम घालून दिले, ती तारीखही २३ सप्टेंबरच, वर्ष २०१४. त्या आरोपीबद्दल मला काडीची कणव नाही. पण मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही. त्याची उलटतपासणी होत नाही, त्याने आणखी कुणाकुणाची नावे घेतली असती तेही कळत नाही. त्या मुलींच्या आईबापांना निकालपत्र मिळालेच नाही.

आणि तीन महिन्यांच्या आत काय घडले? परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, पोलिसांनी धरपकड केली आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीत मेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. बाळासाहेब आंबेडकर स्वतः सोमनाथच्या आईची बाजू मांडायला उभे राहिले, तेव्हा जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सप्टेंबरात ज्या खाकीवर फुले उधळली, तीच खाकी डिसेंबरात आपल्या दारात होती. तिला कोणी सांगितले होते की सोमनाथ निरपराध आहे? तिच्या यादीत तो दंगेखोर होता.

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की, आपण फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूचे आहोत. महाडला ज्याच्या अनुयायांनी मार खाल्ला त्या माणसाचे हे मत आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अंगुलीमालाची कथाही आपण अर्धीच सांगतो. चीवर घातल्यानंतर तो भिक्षेला निघाला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. तथागतांनी त्याला सहन कर असे सांगितले. गेलेल्यांच्या नातेवाइकांना क्षमा करा असा उपदेश कुणी केला नाही. राजा प्रसेनजित सैन्य घेऊन त्याला पकडायलाच निघाला होता, म्हणजे राज्य आपले काम विसरले नव्हते.

हे सगळे त्या रात्री आजीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग पदर सावरत म्हणाली, "ते समदं खरं, सायेब. मंग आपल्या अपिलाचं काय झालं?"

अपील नागपूर खंडपीठात दाखल आहे. अजून बोर्डावर आलेले नाही.