पाटीवाल्याच्या दुकानातली कोरी भिंत

“दादा, माझ्या बोर्डाचं कुठवर आलं?”

सकाळी अकराच्या सुमारास कुठल्याही पाटीवाल्याच्या दुकानात तासभर बसलं, तर हा प्रश्न तीन-चारदा तरी कानावर पडतो. मालक मोबाईल खांद्यात धरून संगणकासमोरच्या मुलाकडे बघतो. मुलगा म्हणतो, “प्रूफ पाठवलंय, त्यांचं ओके आलं नाही.” मागच्या खोलीतून कारागीर सांगतो, “पाच एमएमची शीट संपलीय.” आणि मालक फोनवर म्हणतो, “झालंच समजा साहेब, उद्या संध्याकाळी लावून देतो.” तो फसवत नसतो. ते काम नेमकं कुठे अडकलंय, हे त्या घडीला दुकानात कुणालाच पुरतं ठाऊक नसतं.

ब्रशच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे. पेंटर स्वतः येऊन माप घ्यायचा, खडूनं दोरी मारायचा, अक्षरं आखायचा, रंगवायचा आणि शिडीवरून उतरून पैसे घेऊन जायचा. काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच डोक्यात असे, त्यामुळे लिहून ठेवायची गरज नव्हती. आता दुकानावरचा एक साधा दिव्यांचा बोर्ड माप घेणारा, डिझायनर, प्रिंटर किंवा प्लॉटर चालवणारा, बाहेरचा लेझर कटिंगवाला, एसीपीची (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलची) चौकट करणारा, एलईडी जोडणारा वायरमन आणि शेवटी फिटर अशा सहा-सात हातांतून जातो. काम इतक्या हातांत वाटलं गेलं, पण दुकान चालवण्याची रीत मात्र एका ब्रशवाल्या पेंटरचीच राहिली. सगळं मालकाच्या डोक्यात, आणि थोडं व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये. माझ्या मते या धंद्यातली बहुतेक ओढाताण इथून सुरू होते. नवं मशीन घेऊन ती जात नाही.

थोडा हिशेब मांडू. समजा, दुकानात या क्षणी चोवीस कामं हाती आहेत आणि रोज सरासरी तीन पूर्ण होतात. मग एका कामाला दुकानातून बाहेर पडायला सरासरी आठ दिवस लागणार. हे साधं दिसणारं गणित अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलं आणि ते ‘लिटलचा नियम’ म्हणून ओळखलं जातं. आता त्या एका बोर्डावर प्रत्यक्ष हात किती वेळ चालतो ते मोजा. डिझाइनला दोन तास, कटिंगला एक, चौकटीला तीन, दिव्यांना दोन, फिटिंगला दोन धरले, तरी दहा तासच होतात. उरलेले दिवस बोर्ड पडून असतो, कधी ओकेची वाट बघत, कधी शीटची, कधी फिटरची. मालक कारागिरांना “हात जरा लवकर चालवा” म्हणतो तेव्हा तो या दहा तासांतून अर्धा तास वाचवत असतो. पडून राहण्याचे दिवस तसेच राहतात.

हे पडून राहणं डोळ्यांना दिसावं यासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे. तिचं नाव ‘कानबान’, आणि जपानी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थच दुकानाची पाटी! टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी १९५०च्या दशकात ती रुजवली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये फळीवरून जेवढा माल उचलला जातो तेवढाच पुन्हा भरतात, ही कल्पना त्यांना भावली होती. त्यांनी सुट्या भागांच्या पेट्यांवर कार्डं लावली. पुढच्या टप्प्याला भाग लागला की कार्ड मागे जायचं, आणि कार्ड आलं तरच मागचा टप्पा नवा भाग बनवायचा. कार्ड नाही, तर काम नाही.

आपल्या पाटीवाल्याला यासाठी कुठलं सॉफ्टवेअर नको. प्लायवूडचा एक तुकडा भिंतीला ठोकावा. त्यावर उभे रकाने आखावेत: माप, डिझाइन, ओकेची वाट, छपाई-कटिंग, जोडणी, फिटिंग, पैसे. प्रत्येक कामाचं एक जाड कार्ड करावं आणि काम पुढे सरकलं की ज्याच्या हातून सरकलं त्यानंच ते पुढच्या रकान्यात टांगावं. कळीची गोष्ट खिळ्यांची. रकान्यात जितके खिळे, तितकीच कामं. डिझाइनच्या रकान्यात चारच खिळे असतील आणि ते भरले असतील, तर पाचवं काम तिथे घ्यायचं नाही. आधी त्या चारांपैकी एक पुढे काढायचं.

मालकांना हे पटायला जड जातं. आलेलं गिऱ्हाईक थांबवायचं कसं? पण सगळी कामं एकदम सुरू केली म्हणजे ती लवकर संपतात, हा भास आहे. आठ बोर्ड अर्धे करून ठेवले, तर त्यातल्या एकाचेही पैसे मिळत नाहीत, जागा मात्र आठांनी अडते. शिवाय अर्धवट ठेवलेलं काम पुन्हा हातात घेताना “हे अक्षर कोणत्या रंगात होतं?” इथपासून सुरुवात होते.

दोन-चार आठवडे असा फळा चालवला की एक रकाना कायम तुंबलेला दिसू लागतो. तोच त्या दुकानाचा अरुंद गळा. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली आलेल्या ‘द गोल’ या कादंबरीत हेच गोष्टीरूपानं सांगितलं आहे: सबंध कारखान्याचा वेग सर्वांत अरुंद जागेवर ठरतो, बाकी ठिकाणी कितीही घाई केली तरी फरक पडत नाही. छोट्या पाटीवाल्याकडे हा गळा अनेकदा मालक स्वतः असतो. दर त्यानंच सांगायचा, रंग त्यानंच ठरवायचा, गिऱ्हाइकाला फोनही त्यानंच करायचा. आणि तो असतो साइटवर. त्यानं सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच अशा दोन वेळा फक्त डिझाइन बघण्यासाठी राखून ठेवल्या, तरी मागची रांग हलते.

छपाईनंतरचा एक खोळंबा मात्र खरा आहे. इको-सॉल्व्हंट शाईच्या प्रिंटमधला द्रावक उडून जाण्यासाठी साधारण चोवीस तास द्यावे लागतात; त्याआधी लॅमिनेशन केलं तर पुढे फुगे येतात, कडा उचलतात. म्हणून फळ्यावर ‘वाळतंय’ असा वेगळा रकाना हवा. गरजेचं थांबणं आणि निष्काळजीपणाचं थांबणं एकाच रकान्यात टांगलं, की दोन्ही सारखीच दिसू लागतात.

आता कार्डावर काय लिहायचं ते. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पाटी वाया जाते ती इथेच.

पहिलं माप. आपल्याकडे फॅब्रिकेटर इंच आणि सुतात बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच. मशीन मिलिमीटर मागतं आणि गिऱ्हाईक फुटांत सांगतं. कुणीतरी कागदावर ‘४.३’ लिहितं. त्याच्या मनात असतात चार फूट तीन इंच. संगणकावर ते चार दशांश तीन फूट होतात, म्हणजे चार फूट ३.६ इंच. जवळपास पाच सूत फरक. ‘४.१०’ लिहिलं तर आणखी वाईट: चार फूट दहा इंचांचे चार फूट १.२ इंच होतात आणि बोर्ड पावणेनऊ इंचांनी आखूड येतो. म्हणून दुकानात एकच एकक ठरवावं आणि कार्डावर दशांश चिन्ह वापरूच नये, सरळ मिलिमीटर लिहावेत. शिवाय टेप लावलेल्या अवस्थेतला फोटो हवा, शटरची पेटी, शेजारचा बोर्ड आणि विजेचा पॉइंट दिसेल असा. फिटरला शिडी किती उंच लागेल हेही त्यातूनच कळतं.

दुसरी गोष्ट, अक्षरं. मराठी पाटी करणाऱ्याची जबाबदारी इंग्रजी पाटी करणाऱ्यापेक्षा मोठी आहे, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडची कितीतरी दुकानं अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटवर काम करतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराची खिचडी होते. त्यावर उपाय म्हणून बाहेर पाठवण्याआधी अक्षरं ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे ती नुसती आकृती बनतात. ते बरोबरच आहे, फक्त मग टाइप करून चूक सुधारता येत नाही. त्यामुळे दोन्ही फाइली जपाव्यात, आणि नावं ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल २’ अशी न ठेवता तारीख, गिऱ्हाईक, माप आणि आवृत्ती या क्रमानं ठेवावीत. युनिकोड फाँटमध्ये वेगळा घोळ असतो. अनेक फाँट हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देतात, मराठी वळणाची अक्षरं निवडून घ्यावी लागतात. ‘ॲ’च्या जागी ‘ऍ’ येतो. आणि ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ आला तर अर्थच पालटतो. स्वयंपाकाची भांडी विकणाऱ्यानं ‘आचाऱ्यांसाठी खास’ सांगितलं असेल आणि पाटीवर ‘आचार्यांसाठी खास’ आलं, तर आचारी त्या दुकानात कशाला शिरेल? पाटी दहा वर्षं भिंतीवर राहते. तिच्यावर बघून शाळेची मुलं शब्द शिकतात.

म्हणून प्रूफ एकाच माणसाकडे जावं आणि त्याचं ओके लेखी यावं. ‘बघून सांगा’ असं मोघम न म्हणता तीन गोष्टी नेमक्या तपासायला सांगाव्यात: नाव, शुद्धलेखन, फोन नंबर. फोन नंबर दुकानातल्या दुसऱ्या कुणीतरी उलटा, शेवटच्या अंकापासून वाचावा. पाठ झालेली चूक सुलट वाचताना डोळ्यांतून निसटते.

दिव्यांचा बोर्ड असेल तर विजेचा हिशेबही कार्डावरच. १.२ वॅटचे दोनशे एलईडी मॉड्यूल म्हणजे २४० वॅट. १२ व्होल्टवर वीस अँपिअर. वीसचाच एसएमपीएस, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारा डबा, लावला, तर तो उन्हाळ्यात पूर्ण भारावर तापत राहील. पंचवीसचा घेतला तर भार ऐंशी टक्क्यांवर येतो. आणि शिडीवर चढवण्याआधी बोर्ड दुकानात काही तास पेटवून ठेवावा. बंद पडलेलं मॉड्यूल टेबलावर बदलायला पाच मिनिटं पुरतात. तेच पंधरा फुटांवर बदलायचं तर अर्धा दिवस आणि एका माणसाचा जीव टांगणीला.

माल सांभाळायला ओनोंचं मूळ कार्ड जसंच्या तसं चालतं. शीटच्या थप्पीत शेवटच्या दोन शीटच्या पुढे एक लाल कार्ड अडकवायचं. ते हाताला लागलं की फळ्यावर टांगायचं, तीच मागणी. “शीट संपलीय” ही हाक मग ऐकू येत नाही. उरलेल्या तुकड्यांवर मार्करनं माप लिहून ते उभे लावावेत. आठ बाय चारची नवी शीट कारागीर मोडतो, तेव्हा बऱ्याचदा हवा तो तुकडा ढिगात असतो, पण शोधायला वेळ नसतो.

हे सगळं शांत दिवसांत ऐच्छिक वाटतं. सप्टेंबर २०२३ आठवा. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरी पाटी बंधनकारक झाली होती. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, ही अटही त्यात होती. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्याच दोन महिन्यांत दसरा आणि दिवाळी आली. मराठी पाट्यांचा आग्रह मला नेहमीच रास्त वाटत आला आहे, तो पेलायचा होता मात्र या दोन-चार माणसांच्या दुकानांना. रोज तीन बोर्ड काढणाऱ्याच्या वहीत साठ कामं असतील, तर नव्या गिऱ्हाइकाला वीस कामाचे दिवस सांगायला हवेत. ‘परवा देतो’ म्हणणं म्हणजे साठांपैकी कुणाचं तरी काम मागे ढकलणं. अक्षरांच्या उंचीची अटही कार्डावर लिहावी लागते, कारण संगणकात दोन्ही लिप्यांचा फाँट-आकडा सारखा ठेवला म्हणून अक्षरांची प्रत्यक्ष उंची सारखी येतेच असं नाही. ती पट्टी लावून मोजावी.

फळ्यावरचा शेवटचा रकाना पैशांचा. फिटर बोर्ड लावून आला, फोटो पाठवला, की दुकानात काम संपल्याची भावना येते आणि कार्ड काढून टाकावंसं वाटतं. ते काढू नये. बाकी रक्कम कार्डावर ठळक लिहून ते तिथेच राहू द्यावं. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी पंधरा मिनिटं त्या एका रकान्यासमोर उभं राहावं आणि एकेका कार्डाला फोन लावावा.