मुलाच्या उंचीवरून टिपलेला चेहरा

जालना एमआयडीसीत भंगार वितळवून सळई तयार होते. भट्ट्या आणि रोलिंग मिलमध्ये राबणारे कितीतरी हात बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. काहींचे संसारही इथेच थाटलेले. अशा कामगार वस्तीत हौशी छायाचित्रकार गेला की त्याचा कॅमेरा हमखास लहान मुलांकडे वळतो. फोटो लगेच कृष्णधवल होतो, कॉन्ट्रास्ट ताणला जातो आणि खाली ‘वेदना’ असं शीर्षक येतं. मूल मात्र त्या क्षणी नुसतं कुतूहलाने पाहत असू शकतं. मग ही वेदना मुलाची की फिल्टरची?

रंग गेला की लाल फ्रॉक, निळी बादली नजर खेचत नाहीत. उजेड आणि सावली उरते. कपाळावरची आठी, ओठांचा कोपरा ठळक होतो. कृष्णधवलची ताकद ती हीच. पण त्वचा किती गडद दिसावी, हे फोटो रूपांतरित करणारा ठरवतो. त्वचेतून लाल प्रकाश अधिक परततो. म्हणून रूपांतरात लाल रंगाचा वाटा वाढवला की चेहरा उजळ, मऊ दिसतो. निळ्याचा वाढवला की तोच चेहरा काळवंडतो, डाग आणि धूळ उठून दिसते. खेळून आलेलं मूल असं सहज दीनवाणं करता येतं.

भाव खरा की बोलावून आणलेला, हे डोळे सांगतात. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी 1862 मध्ये छायाचित्रांच्या आधारे दाखवून दिलं, की मनापासून हसताना ओठांसोबत डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. चार्ल्स डार्विन यांनी 1872 च्या आपल्या ग्रंथात भावना उलगडण्यासाठी रडणाऱ्या मुलांची चित्रं छापली. ‘हस बरं’ म्हटल्यावर मूल ओठ ताणतं, डोळे तसेच राहतात. म्हणून सांगण्यापेक्षा थांबणं बरं.

कारखान्यांच्या जगातली मुलं कशी टिपावीत, याचा मोठा धडा लुईस हाइन यांचा. पेशाने शिक्षक असलेले हाइन 1908 पासून अमेरिकेच्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी सूतगिरण्या, खाणी, काचकारखान्यांत राबणारी मुलं टिपू लागले. कोटाच्या गुंड्यांवरून ते मुलाची उंची मोजत, नाव-वय वहीत टिपून ठेवत. त्यांच्या अनेक फोटोंत मूल थेट आपल्या डोळ्यांत पाहतं. त्या चेहऱ्यांवर थकवा आहे, संशय आहे, कधी काम करत असल्याची ऐटही आहे. म्हणूनच ते पुरावा ठरले. बालमजुरीविरोधी पहिला संघीय कायदा 1916 मध्ये झाला. न्यायालयाने तो 1918 मध्ये रद्द केला. टिकाऊ कायदा यायला 1938 उजाडलं. आपल्याकडे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं कृष्णधवलमध्ये मांडलं, तेही माणसाची प्रतिष्ठा राखून.

जालन्यात हे कसं साधेल? भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या उमटतात. त्याऐवजी मुलाला दाराच्या जरा आत, तोंड बाहेर करून उभं करा. मोकळ्या आभाळाचा उजेड चेहऱ्यावर पसरतो, बुबुळात चमक येते, मागचं सगळं अंधारात जातं. उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावरूनच घ्या, नाहीतर मागच्या अंधारामुळे चेहरा पांढराफटक पडतो. आणि स्वतः खाली बसा. वरून टिपलेलं मूल केविलवाणंच दिसतं.

आई-वडिलांची परवानगी आधी घ्या, आणि मुलाने मान फिरवली तर कॅमेरा खाली करा. हाइन नावानिशी फोटो छापत. आज आपल्याला ते करता येणार नाही. कायदा मोडून कामाला लावलेलं मूल 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं. सक्षम यंत्रणेच्या परवानगीशिवाय त्याची ओळख किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. असं मूल दिसलं तर फोटो टाकण्याआधी 1098 या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर कळवा.

बाकी मुलांचे फोटो जरूर काढा, पण स्पर्धेला पाठवण्याआधी एक प्रिंट त्या घरात पोहोचवा. आपला फोटो कसा आला, हे सांगण्याचा पहिला हक्क त्या मुलाचा आहे.